नजरमिस्त्री

त्यांचं खरं नाव सांगायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना नजरमिस्त्री म्हणत. हे नाव आपण स्वतःहून लावून घेतलेलं नाही, लोकांनी प्रेमाने दिलंय, असं ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला उगाच शंका येई.

नाव पडलं ते त्यांच्या उमेदवारीच्या काळात. कुठल्याशा गोदामाच्या कामावर ते विटा वाहत होते. जाता जाता एका भिंतीकडे बघून म्हणाले, "ही झुकलीय." मुख्य मिस्त्रीने ओळंबा सोडून बघितला, तर भिंत खरंच झुकलेली. आता ती एवढी झुकली होती की कुत्रीसुद्धा तिच्याजवळून जाताना वळसा घेत. पण मुख्य मिस्त्रीने पोराच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "याला म्हणतात नजर!" झालं. चांगल्या भल्या माणसाचं वाटोळं व्हायला एवढी एक थाप पुरली.

पुढे ते स्वतः मिस्त्री झाले, दोन गडी हाताखाली आले, आणि त्यांनी मापाच्या हत्यारांना हात लावणं सोडलं. हत्यारं होती, नव्हती असं नाही. दोरीला पितळी वजन बांधलेला ओळंबा होता, काटकोन बघायचा गुण्या होता, आत पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हलपट्टी होती, पाणी भरून दूरच्या दोन टोकांची उंची जुळवायची प्लॅस्टिकची लांब नळी होती. सुरुवातीला ही पिशवी रोज कामावर जायची आणि न उघडता परत यायची. मग उगाच ओझं कशाला, म्हणून ती घरीच राहिली. घरात कुठलीच वस्तू वाया जात नाही. ओळंब्याचं वजन बायकोने खिडकीच्या पडद्याला बांधलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. नळीवर कपडे वाळायला लागले. गुण्याने मिस्त्री पाठ खाजवत, आणि त्या कामात मात्र गुण्या अगदी अचूक होता.

त्यांचं काम बघण्यासारखं असे. भिंत चार थर वर आली की ते थापी खाली ठेवत. कंबरेवर हात घेऊन मागे मागे सरकत, रस्त्यावरच्या सायकलवाल्याला ब्रेक मारावा लागेपर्यंत. मग डावा डोळा मिटत, उजवा अंगठा वर धरत आणि श्वास रोखत. दोन्ही गडी पुतळ्यासारखे उभे राहत. घरमालकही आपोआप श्वास रोखी. बराच वेळ काहीच होत नसे. मग मिस्त्री डोळा उघडून म्हणत, "सुतात."

एवढा एकच शब्द. मालकाचा जीव भांड्यात पडे, गडी पुन्हा विटा उचलत. या थाटापुढे दोरीला लटकलेल्या पितळेची काय किंमत?

या नजरेतून उतरलेली निम्मी वस्ती मग आपापल्या परीने जगायला शिकली. कुणाच्या कपाटाखाली पुठ्ठ्याची घडी, कुणाच्या पलंगाच्या एका पायाखाली वीट. एका घरात बटाट्यांची टोपली कलंडली की सगळे बटाटे शिस्तीत एकाच कोपऱ्यात जमत, आणि न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जायचं सोडून त्यांच्या मागोमाग निघे. एकाकडे फरशी बसवत बसवत भिंतीशी आली, तेव्हा या टोकाला अख्खी फरशी मावली आणि त्या टोकाला सुरीसारखी निमुळती चीप घालावी लागली. पाहुण्यांनी विचारलं तर घरमालक म्हणे, "डिझाइन आहे."

कारण एकदा घर बांधून झालं की ते वाकडं आहे असं कोण कबूल करणार? मिस्त्री चुकला म्हणायचं, तर मिस्त्री निवडणाराही चुकला. बरं, शेजाऱ्याचंही त्यांनीच बांधलेलं, आणि शेजारी तर खुशाल मिशीला पीळ भरतोय. मग आपणच एकट्याने बोंब कशाला मारायची? त्यापेक्षा पुठ्ठा बरा. अशा रीतीने जेवढी घरं वाकडी होत गेली, तेवढं मिस्त्रींचं नाव सरळ वर चढत गेलं.

गप्प बसत नसे तो एकटा सुतार. त्याचा नाइलाज होता. त्याला मिस्त्रींनी सोडलेल्या भोकांत दारं-खिडक्या बसवायच्या असत.

"मिस्त्री, ही दाराची जागा आहे की पतंग?" तो विचारी.

"तुझी चौकट वाकडी असेल."

"गुण्या लावून दाखवू?"

"गुण्या कुणाचा? तुझा. तो तुझ्याच बाजूने बोलणार."

सुतार कपाळावर हात मारी, रंधा काढी आणि सरळ चौकट तासून तासून वाकडी करी. मग दार बसे. मिस्त्री लांबून बघत आणि गड्यांना म्हणत, "बघा, शेवटी बसलंच ना? उगाच कटकट करायची सवय लागलीय त्याला."

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच्या घरावर एक खोली चढवली आणि बाहेरच्या अंगाने वर जाणारा जिना बांधला. मुलगा लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक होता, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे त्या खोलीत खरी राहणार होती ती सून. ती कपडे शिवायची. आपलं मोटारवालं मशीन घेऊन ती आली आणि खिडकीजवळ, उजेडात मांडून बसली.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की मशीन चालतं, म्हणजे खरोखरच चालतं. मोटार सुरू झाली की थरथरत केसभर केसभर पुढे सरके. शर्टाची कॉलर खिडकीशी सुरू करावी आणि बटणपट्टीला येईतो आपण दाराच्या दिशेने निघालेलो असावं.

"आई, खोलीला उतार आहे का?" तिने सासूला विचारलं.

"खोलीला कशाला," सासू शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या हातच्या सगळ्यालाच आहे. आधी जिना शीक. ही खालची बुटकी. तिच्यावरची लंबी, तिला पाय जास्त उचलायचा. आणि ही वळणावरची फसवी. वरून उतरताना ती आहे असं वाटतं तिथे नसते."

सासूने पायऱ्यांना अशी नावं ठेवली होती. वर येणाऱ्या बायकाही चढताना पुटपुटत, "बुटकी, लंबी…" आणि सुखरूप पोचत. सुनेला मात्र राहवेना. गळ्यातली कापड मोजायची टेप काढून तिने पायऱ्या मोजल्या. एक सहा इंच उंच, तर दुसरी साडेआठ.

संध्याकाळी सासरे हातपाय धुऊन बसल्यावर तिने विषय काढला. "बाबा, रागावू नका. पायऱ्या सारख्या नाहीत."

"कशावरून?"

"मोजल्या मी."

"कशाने?"

"टेपने."

मिस्त्रींनी टेपकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि मोठ्या मायेने म्हणाले, "सूनबाई, ती कापडाची टेप. कापड ताणतं. दगड-सिमेंटला ती लागू नाही."

सासू आतून म्हणाली, "खरंय. दगड ताणत नाही. माणसंच ताणतात."

मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. नजर तीक्ष्ण असली तरी त्यांचे कान सोयीने चालत.

याच सुमारास त्यांना मोठं काम मिळालं. बाजारपेठेतला चष्मेवाला जुनं दुकान पाडून नवं बांधत होता. डोळे तपासायची खोली मागे, आणि पुढच्या लांब भिंतीवर काचेच्या फळ्या, फळ्यांवर चष्म्यांच्या फ्रेमा. चष्मेवाला गरीब स्वभावाचा, मऊ बोलणारा गृहस्थ. मिस्त्रींनी डोळा मिटून अंगठा वर केला, तेव्हा तर तो भारावून गेला. नजरेवरच पोट असलेला माणूस तो. त्याला वाटलं, हा आपल्याच जातकुळीचा.

भिंत झाली, गिलावा झाला, रंग झाला. सुताराने लोखंडी कोन ठोकले, फळ्या चढवल्या. फळ्या त्याने गिलाव्याच्या वरच्या पट्टीला समांतर लावल्या, कारण मिस्त्रींनी तसं बजावून सांगितलं होतं: "पट्टी सुतात आहे. तुझी अक्कल लावू नकोस." सुताराने अक्कल लावली नाही. मजा बघायची म्हणूनच लावली नाही.

चष्मेवाल्याने हौसेने पहिल्या फ्रेमा मांडल्या. गुळगुळीत काच, हलक्या फ्रेमा. रस्त्यावरून एक जड गाडी गेली, फळी किंचित थरथरली, आणि सगळे चष्मे एकामागोमाग एक, मुंग्यांसारखे, डाव्या कोपऱ्याकडे निघाले. शेवटचे दोन खाली पडले.

"मिस्त्री," चष्मेवाला हळूच म्हणाला, "हे असं का होतंय?"

"काच गुळगुळीत आहे. खरखरीत आणायला हवी होती."

सुताराने बोलण्यात वेळ घालवला नाही. पिशवीतून लेव्हलपट्टी काढून फळीवर ठेवली. बुडबुडा मधल्या खुणांकडे ढुंकूनही न बघता उजव्या टोकाला जाऊन बसला.

"पट्टी खोटी आहे तुझी," मिस्त्री म्हणाले.

"असू शकते. म्हणून उलटी करून बघायची," सुतार म्हणाला आणि त्याने पट्टीची टोकं अदलाबदल करून ती पुन्हा ठेवली. "पट्टी खोटी असती तर बुडबुडा आता दुसरीकडे गेला असता."

बुडबुडा पुन्हा उजवीकडेच गेला.

"बघितलंत?"

"बघितलं," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही बाजूंनी खोटी आहे."

मग सुताराने भिंतीवरून ओळंबा सोडला. दोरीच्या वरच्या टोकाचा लाकडी गट्टू भिंतीला टेकवला की खालचं वजन भिंतीला जेमतेम शिवलं पाहिजे. इथे वजन भिंतीपासून मूठभर दूर, हवेतच लोंबकळत राहिलं. दोन्ही गडी एकाएकी आपापल्या चपला शोधायला लागले.

चष्मेवाल्याला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच गोष्टीचं. त्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, वय होतं माणसाचं. यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या या, मी तुमचे डोळे तपासून देतो."

ही बातमी घरी पोचली तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती आशा दिसली. डोळेच अधू असतील तर किती बरं! इतक्या वर्षांचा सगळा हिशेब एका चष्म्यात मिटेल. माणूस वाईट नव्हता, त्याला दिसतच नव्हतं, असं चारचौघांत म्हणता येईल. सुनेलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दोघी मिस्त्रींना मधे घेऊन दुकानात गेल्या. सुतार कोन काढायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळला होता.

मिस्त्रींनी एक डोळा झाकला, अक्षरं वाचली. दुसरा झाकला, वाचली. सगळ्यात खालची ओळ, जी वाचायला तरुण पोरं डोळे बारीक करतात, ती त्यांनी घडाघडा वाचली, आणि तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. चष्मेवाल्याने विजेरी मारून आत बघितलं, भिंगं बदलून बघितली. शेवटी तो खुर्चीत मागे टेकला.

"काही दोष नाही," तो म्हणाला. "या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. अगदी निर्दोष."

बायकोने खाली बसायला काही आहे का ते बघितलं.

"नीट बघा हो," ती म्हणाली. "थोडंसं तरी असेल."

"काहीच नाही बाई."

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ह्यांना सगळं दिसत होतं."

मिस्त्री मात्र खुर्चीतून असे उठले की जणू गळ्यात हार पडलाय. "ऐकलंस का रे?" ते सुताराला म्हणाले. "निर्दोष! माहीतगार माणूस सांगतोय."

"डोळे निर्दोष आहेत," चष्मेवाला चाचरत म्हणाला, आणि त्याच्या मऊ आवाजाला पहिल्यांदाच धार आली, "म्हणूनच भिंत पाडायला लागेल मिस्त्री. डोळ्यांचा दोष असता तर मी तुम्हाला माफ केलं असतं."

असं आजवर त्यांना कुणी बोललं नव्हतं. मिस्त्री ताडकन दुकानाबाहेर पडले. वाटेत भेटेल त्याला ते डोळ्यांबद्दल सांगत गेले, भिंतीबद्दल अर्थातच नाही. घरी आले, कुणाशी बोलायचं नाही म्हणून वरच्या खोलीत जाऊन बसले. बराच वेळ झाला. बायकोने चहाला हाक मारली. मिस्त्री मान ताठ ठेवून, पायांकडे न बघता, प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाच्या ऐटीत जिना उतरायला लागले.

बायको रोज उतरायची, सून उतरायची, कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका उतरायच्या. पोस्टमनसुद्धा उतरायचा. जिना वाकडा आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे सुखरूप होते. पायऱ्या सारख्या आहेत यावर मनापासून विश्वास असलेला माणूस घरात एकच होता. फसवीने त्यालाच फसवलं.

घोट्याचं हाड मोडलं. पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढलं. सुतार भेटायला आला, आजूबाजूने वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे प्लॅस्टर मात्र सुरेख झालंय. डॉक्टरांनी ओळंबा लावलेला दिसतोय."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. फिरवलं तर समोर जिना. त्यांची खाट दाराशीच टाकली होती.

सासू-सुनांनी त्यांना विचारलं नाही. दोघींनी ठरवलं आणि जिना दुरुस्त करायला घेतला. सुतार मदतीला होता, गड्यांनी सिमेंट कालवलं. वरच्या खोलीपर्यंतची खरी उंची मोजायला आधी ओट्याच्या पातळीची खूण जिन्याच्या वरच्या टोकाखाली न्यायची होती. मग त्या उंचीचे सारखे वाटे पाडून पायऱ्या भरायच्या, तासायच्या. सुनेने नळीवरचे कपडे काढले, नळीत पाणी भरलं. सासू एक टोक धरून ओट्याशी उभी राहिली, सून दुसरं टोक घेऊन जिन्याच्या पलीकडे.

"आई, पाणी कुठवर आलं?"

"आलं गं, माझ्या खुणेवर आलं."

"मग इथे कमी कसं दिसतंय?"

"मला काय विचारतेस? पाण्याला विचार."

खाटेवर चुळबुळ झाली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते. पुन्हा एकदा "आई, वर धरा," "अगं धरलंय," असं झालं आणि त्यांना असह्य झालं.

"नळीत हवा राहिलीय!" ते ओरडले. "बुडबुडा आहे मधे कुठेतरी, म्हणून खोटं दाखवतेय. टिचक्या मारा नळीला, हवा वर येऊ दे. आणि बघताना दोन्ही टोकांवरची बोटं काढा, नाहीतर पाणी हलणार कसं? आणि पीळ काढा त्या नळीचा आधी!"

सगळे थांबले. सुनेने टिचक्या मारल्या. एक लांबडा बुडबुडा सरकत वर आला आणि फुटला. पाणी दोन्ही टोकांना आपसूक जुळलं.

बायको नळी हातात धरूनच खाटेपाशी आली. "तुम्हाला हे येतं?"

"येतं म्हणजे काय? मी मिस्त्री आहे."

"सगळं येतं? ओळंबा, गुण्या, सगळं?"

"न यायला काय झालं? शिकलोय मी."

"मग इतकी वर्षं का नाही वापरलंत?"

मिस्त्री छताकडे बघत राहिले. ते छतही त्यांचंच होतं, म्हणून त्यांनी नजर काढून घेतली. मग अगदी हळू, जवळजवळ पोरासारखे म्हणाले, "ओळंबा सगळेच लावतात गं. मीही लावला असता तर मला कुणी मान वर करून बघितलं असतं? मग मी नुसता मिस्त्री."

बायकोला त्या क्षणी त्यांची दया आली, हे खरं. पण ती फार टिकली नाही, कारण हातात नळी होती, नळीचं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं आणि समोर जिना अर्धा फोडलेला होता.

"नुसत्या मिस्त्रीची बायको असते ना मी," ती म्हणाली, "तर एव्हाना माझे गुडघे धड असते."

पाय बरा झाल्यावर मिस्त्री स्वतः चष्मेवाल्याकडे गेले. भिंत पाडली, पुन्हा उभी केली. दर थराला ओळंबा, दर थराला दोरी. भिंत अशी उभी राहिली की सुताराने तिच्यावरून हात फिरवला आणि विडी पेटवली. चष्मे जागच्या जागी राहिले. माणूस सुधारला म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो त्यांनी जरा लवकरच टाकला. महिन्याभरात मिस्त्री वस्तीभर लेव्हलपट्टी काखेत मारून हिंडायला लागले. ओळंब्याशिवाय काम करणाऱ्यांना फटके द्यायला हवेत, असं ते चहाच्या टपरीवर सांगत. नव्या मिस्त्र्यांच्या कामावर जाऊन उभे राहत आणि भिंतीला पट्टी लावून "च् च्" करत. हत्यारांचं महत्त्व या वस्तीला आपणच पटवलं, असंही हळूहळू त्यांच्या बोलण्यात यायला लागलं. सुतार ते ऐके आणि विडीचा धूर नाकाने सोडी.

एके सकाळी ते पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंकडे गेले. बाई रात्रपाळीवरून नुकत्याच आल्या होत्या. मिस्त्रींनी न विचारता स्वयंपाकाच्या ओट्यावर पट्टी ठेवली. बुडबुडा टोकाला पळाला.

"अरेरे," मिस्त्री म्हणाले. "कुणी केलं हो हे काम?"

"तुम्ही."

"छे!"

"तुम्हीच केलंत मिस्त्री. एक डोळा मिटून."

"शक्य नाही बाई. हा बुडबुडा बघा ना कुठे गेलाय. माझ्या हातून असं काम होईल का?"

नर्सबाईंनी आयुष्यात पुष्कळ रोगी बघितले होते. त्यांनी वाद घातला नाही. ओट्याच्या कडेला त्यांनी लाकडी पट्टी ठोकली होती, भांडी घसरून पडू नयेत म्हणून. तिच्यामागे त्यांनी कप ठेवला आणि त्यात चहा ओतला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि कप ठेवाल तो पट्टीच्या आत."

मिस्त्रींनी चहा घेतला, ओटा फोडून नवा करण्याचे फायदे सांगितले, आणि लेव्हलपट्टी काखेत मारून शेजारच्या दाराकडे वळले. आतून कुणीतरी घाईने दार लावल्याचा आवाज आला, मग कडीशी झटापट केल्याचा, आणि शेवटी खुर्ची ओढत आणून दाराला लावल्याचा.